आकाराम गवळ्याची हाळी

आमच्या गल्लीत गजराचं घड्याळ कोणी लावत नाही. पहाटे आकाराम गवळी म्हशीला हाळी देतो आणि सगळी गल्ली उठून बसते, ज्यांना उठायचं नाही तेसुद्धा. मी हंबीरराव, एसटीत कंडक्टर होतो. चंदगडच्या गाडीवर ‘पुढं सरका, पुढं सरका’ म्हणण्यात माझी सगळी नोकरी गेली, तेव्हा आवाज कशाला म्हणतात हे मला कोणी शिकवू नये. पण आकारामच्या हाळीपुढं मी हात टेकले. त्याचं नि माझं घर यांच्यात भिंत एकच आहे, टेकून जाणार कुठं?

म्हशीचं नाव चिमणी. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं एक तर चिमणी बघितली नसावी, नाहीतर म्हैस. ही चिमणी गोठ्यातून निघाली की समोरून येणारी रिक्षा आपण होऊन मागं जाते. संध्याकाळी आकाराम तिला गंगावेशीतल्या कट्ट्यावर न्यायचा. तिथं लोक ग्लास पुढं करून उभे राहतात, धार थेट ग्लासात पडते आणि फेसासकट गरम दूध पिऊन माणसं मिशा पुसत घरी जातात. आकारामचा हात असा बसलेला होता की ग्लास काठोकाठ भरला तरी थेंब बाहेर जात नसे. याचा त्याला फार गर्व होता आणि तो गर्व तो लपवतही नसे.

पण खरा गर्व हाळीचा. ‘चिमणेऽऽ, ये गं बायेऽऽ’ अशी ती खालून सुरू व्हायची, वर चढायची आणि ऐन चढावर बिडीचा एक ठसका लागायचा. खळ्ळ! तो ठसका गिळून आकाराम उरलेली हाळी पुरी करायचा. इतकी वर्षं बिड्या ओढल्यावर दुसरं काय होणार? पण त्याला कोणी बोललं तर म्हणायचा, “त्यो ठसका न्हवं, डिझाईन हाय.”

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी पळवतात. म्हशीला धुऊन, तेल लावून, शिंगं रंगवून, अंगावर नक्षी काढून, गळ्यात घुंगरांच्या माळा घालून रस्त्यावर आणतात. बाकीचे मालक सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली पळवतात आणि म्हशी त्या फटफटीच्या मागं धावतात. आकारामला हे मान्य नाही. तो म्हणतो, फटफटीच्या मागं पळणारी म्हैस उद्या पेट्रोल पंपावर जाऊन राहील. तो रस्त्याच्या टोकाला नुसता उभा राहतो, हाळी देतो, आणि चिमणी सगळी गर्दी फाडत येऊन त्याच्या छातीला नाक लावते आणि चाटून चाटून त्याचा नवा शर्ट ओला करते. पाडव्याला तेवढा एक क्षण आकाराम गवळी म्हणजे कोल्हापूरचा महाराज. वर्षातले बाकीचे दिवस तो अंबूबाईच्या हुकुमात असतो.

अंबूबाई म्हणजे त्याची बायको, माझ्या वहिनी. त्या फार बोलत नाहीत. बोलल्या की मग दुसऱ्या कोणी बोलायचं शिल्लक राहत नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या आधी आकारामचा डावा खांदा दुखायला लागला. गवळ्याचा खांदा दुखणारच, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. तालमीतल्या एका म्हाताऱ्या वस्तादानं तो खांदा असा काही रगडला की आकारामची हाळी दुपारीच ऐकू आली. मग लेप झाले, पट्टे झाले, कुणीतरी सांगितलं म्हणून उशी बदलली. खांदा होता तिथंच दुखत राहिला. त्यात डाव्या हाताच्या करंगळीला मुंग्या यायला लागल्या. आणि एका संध्याकाळी कट्ट्यावर धार ग्लास सोडून एका पाहुण्याच्या पॅन्टवर गेली.

पाहुणा हसला, आकारामही हसला. वहिनी हसल्या नाहीत. “हात बिघाडलाय,” त्या म्हणाल्या. “उद्या दवाखान्यात.”

राजारामपुरीतल्या दवाखान्यात खांद्याचा फोटो काढला. खांद्याचं हाड चांगलं ठणठणीत होतं. डॉक्टर मात्र हाडाकडं बघतच नव्हते, हाडाच्या खाली बघत होते. डाव्या फुप्फुसाच्या अगदी शेंड्याला गाठ होती. पुढं मोठ्या दवाखान्यात सुई घालून तुकडा तपासला, सगळ्या अंगाचं स्कॅन केलं. कॅन्सर होता. गाठ वरच्या फासळ्यांना आणि हाताकडं जाणाऱ्या नसेला चिकटली होती, म्हणून करंगळी झोपत होती. दूर कुठं पसरलेली नव्हती. तेवढंच काय ते बरं.

त्या दिवशी घरी येताना आम्ही तिघं रिक्षात बसलो. मला वाईट वाटलं आणि वाईट वाटलं की मला राग येतो. म्हणून मी रिक्षावाल्याशी भांडलो. दोष त्याचा काहीच नव्हता.

पुढच्या आठवड्यात तीन डॉक्टर एकत्र बसले आणि आम्हाला आत बोलावलं. डॉक्टर राजनंदिनी म्हणजे सलाईनमधून औषध देणाऱ्या. दुसरे शेक देणारे. रेडिएशनला आमच्याकडं सगळे शेकच म्हणतात. आणि तिसरे कापणारे सर्जन. तिघांचं ऐकून घेऊन आकाराम माझ्या कानात म्हणाला, म्हणजे त्याच्या मते कानात, बाहेरच्या बाकड्यावरच्यांनाही ते कळलं:

“हंबीरराव, ह्यांचं एकमत हुईना झालंय बघ. एक म्हणतंय सलाईन, एक म्हणतंय शेक, एक म्हणतंय काप. आता भांडाण मिटवायला तिन्ही माझ्यावरच करत्यात.”

राजनंदिनी डॉक्टर इथल्याच. त्या हसल्या आणि त्यांनी कागदावर फुप्फुस काढलं. “आबा, भांडण नाही, एकमतच आहे. आत्ता कापायला गेलो तर गाठ पुरी निघणार नाही, नसेपाशी मुळं राहतील. म्हणून आधी औषध आणि शेक दोन्ही एकाच वेळी. शेकानं गाठ आक्रसते. औषधानं शेकाला जोर येतो आणि रक्तातून कुठं बारीक काही सुटलं असेल तर त्यालाही ते गाठतं. मग जरा विश्रांती, परत स्कॅन, आणि मग राहिलेलं कापून काढायचं. तिन्हींतलं एकटं कुठलंच पुरं पडत नाही.”

“कापल्यावर काय हुतंय?”

सर्जन सरळ माणूस. ते म्हणाले, “डाव्या फुप्फुसाचा वरचा भाग जाईल, दोन-तीन फासळ्यांचे तुकडे जातील. दम थोडा कमी होईल. आणि आवाजाची नस तिथूनच जाते. आम्ही जपूच, पण आवाज बसू शकतो. कधी कधी कायमचा.”

आकारामचा हात आपोआप गळ्यावर गेला. कॅन्सर हा शब्द ऐकून तो इतका हादरला नव्हता. मग म्हणाला, “पयली दोन करूया. तिसऱ्याचं तिसऱ्याला बघू.”

वहिनींनी घरी येऊन पहिलं काम केलं. घरातले बिड्यांचे सगळे कट्टे चुलीत घातले. तो धूर नाकात जाऊ नये म्हणून आकारामला माझ्या घरी पाठवलं.

मग सुरू झालं. सुट्टीचे वार सोडून रोज शेक, आणि मधे मधे सलाईन. मी सोबत जायचो. दवाखान्याच्या रांगेत कंडक्टर बरोबर असला की फायदा होतो. मी एकदा ओरडलो की माणसं आपोआप सरळ रेषेत उभी राहतात. आकारामला ओकाऱ्या झाल्या, गळ्याखाली अन्न जळजळत उतरायचं, तांबड्या रश्शाचा नुसता वास आला तरी डोळ्यांत पाणी यायचं, ते तिखटाचं होतं की विरहाचं हे मी विचारलं नाही. केस गेले. त्याचं त्याला काही नाही. पण एका सकाळी तोंड धुताना अर्धी मिशी टॉवेलवर राहिली, तेव्हा तो टॉवेल त्यानं घडी करून ट्रंकेत ठेवला.

चिमणीचीही तऱ्हा झाली. तिला आकारामशिवाय दुसऱ्याचा हात चालेना. पान्हाच सोडेना. अंबूवहिनींनी मग आकारामचा मळका शर्ट घातला, डोक्याला त्याचा पटका गुंडाळला आणि वासासाठी खिशात विझलेली बिडी ठेवली. ही एक बिडी गोठ्याच्या आढ्यात लपवलेली सापडली होती. चिमणी फसली. अख्खी गल्लीही फसली. मागून बघून दोघं-तिघं मला म्हणाले, “आकाराम लई लवकर बरा झाला की!” दुपारी वहिनी म्हशीला नदीवर न्यायच्या त्या बऱ्याच उशिरा परतायच्या आणि आवाज बसलेला असायचा. मी विचारलं तर म्हणायच्या, “सर्दी हाय, भावजी.”

आता फुल्यांची गोष्ट. शेक नेमका गाठीवरच पडावा म्हणून दवाखान्यात मोजमाप करून छातीवर शाईच्या फुल्या काढतात. मशीन चालवणारे बाळासो म्हणून एक टेक्निशियन होते. फार नेमस्त माणूस, चष्मा बारीक काडीचा. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “ह्या पुसू द्यायच्या नाहीत. बोटभर इकडंतिकडं झालं तर शेक गाठीला सोडून चांगल्या फुप्फुसाला लागतो.” त्या दिवसापासून आकारामनं छातीला पाणी लावलं नाही. आंघोळीत तो गळ्याच्या वर आणि पोटापासून खाली असाच धुवायचा.

एका रविवारी मी मलकापूरला लग्नाला गेलो होतो. वहिनी बाजारात गेल्या. गोठ्यात जायला आकारामला बंदी होती, कारण औषधानं अंगातली रोगाशी लढायची ताकद कमी झाली होती. पण त्याला चिमणीची फारच आठवण आली. उकाड्यामुळं शर्टाची बटणं उघडीच होती. तो गोठ्यात गेला, चिमणीनं छातीला नाक लावलं आणि इतक्या दिवसांचं सगळं एकदम चाटून घेतलं.

वहिनी परत आल्या. “खुणा कुठं गेल्या?”

“चिमणीनं खाल्ल्या.”

दवाखान्यात विचारावं हे दोघांनाही सुचलं नाही. आमच्या पेठेत अंगावर काही काढायचं म्हटलं की एकच माणूस डोळ्यांपुढं येतो, केरबा पेंटर. पाडव्याच्या म्हशी तोच रंगवतो. केरबा डबे आणि ब्रश घेऊन आला. आकारामनं आठवून आठवून दाखवलं, हितं एक, हितं एक, आन काखंकडं एक. केरबानं अंगठ्यानं माप धरलं आणि लाल ऑइल पेंटमध्ये ठसठशीत फुल्या काढल्या. मग दोन पावलं मागं जाऊन डोळे बारीक करून बघितलं. डावी बाजू भरली आणि उजवी मोकळी, हे त्याला बघवेना. म्हणून उजवीकडंही तशाच फुल्या काढल्या. मधे रिकामं दिसलं म्हणून कमळ काढलं. कडेनं वेल ओढली. आणि बेंबीच्या जरा वर सवयीनं ‘केरबा आर्ट्स’ असं लिहिलं.

सोमवारी मशीनच्या खोलीत आकारामनं शर्ट काढला. बाळासोंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“आबा, हे काय?”

“खुणा.”

“आणि हे कमळ?”

“ते केरबाच्या मनचं हाय. पैसं न्हाय घेतलं त्यानं.”

बाळासोंनी मशीन सुरू करायला साफ नकार दिला आणि राजनंदिनी डॉक्टरांना बोलावलं. त्या तावातावानं आत आल्या. “काय हा पोरखेळ! शेक चुकीच्या जागी लागला असता म्हणजे?” असं म्हणत जवळ आल्या, ‘केरबा आर्ट्स’ वाचलं, आणि भिंतीकडं तोंड करून बराच वेळ उभ्या राहिल्या. खांदे हलत होते. वळल्या तेव्हा परत डॉक्टर झाल्या होत्या. शेकलेल्या कातडीला टर्पेंटाईन लावायचं नाही, असा त्यांनी हुकूम काढला. मग खोबरेल तेल लावून लावून ते कमळ उतरवताना दिवस गेला. त्या दिवसाचा शेक हुकला. सगळं मोजमाप नव्यानं करावं लागलं.

“आता गोंदूनच टाकतो,” बाळासो म्हणाले. त्यांचा तो नेमस्त आवाज पहिल्यांदाच चढला होता. “म्हशीनं चाटू दे, नाहीतर रेड्यानं.” आणि छातीवर सुईनं तीन बारीक हिरवे ठिपके गोंदले. आकारामनं वहिनींकडं बघत बाळासोंना विचारलं, “पावणं, एवढं करतायसाच तर हिचं नाव पण टाकता काय?” इतक्या वर्षांत वहिनींना लाजताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

शेक आणि सलाईन संपलं, विश्रांतीचे आठवडे गेले, स्कॅन झालं. गाठ निम्म्याहून जास्त आक्रसली होती. खांदा दुखायचा थांबला. करंगळी जागी झाली. बिडी सुटल्यामुळं ठसकाही गेला. गंगावेशीत आकाराम पुन्हा धार काढायला बसला आणि एक थेंब बाहेर गेला नाही. ऑपरेशनसाठी उद्या भरती व्हायचं होतं. त्या संध्याकाळी कट्ट्यावर त्यानं जाहीर केलं, “मी जाणार न्हाय.”

“का?” मी विचारलं.

“गाठ मेली. दुखत न्हाय, खुपत न्हाय. आता उघडून काय बघायचंय?”

मी कंडक्टरच्या आवाजात त्याला अक्कल शिकवली. तो त्याहून मोठ्या आवाजात म्हणाला, “हंबीरराव, तुझा आवाज गेला तर तुझं काय जातंय? तू रिटायर हायस. माझी म्हस आवाजावर येतीया. पाडव्याला मुक्यागत हुभा ऱ्हाऊ व्हय? त्यापरास गेलेलं बरं.”

मला ते लागलं. आणि भीतीही वाटली, कारण हा बोलला की करतो. रांगेतली माणसं ग्लास हातात धरून आमच्याकडं बघत होती.

वहिनी पुढं आल्या. “सरा. मी काढते,” म्हणाल्या आणि धारेला बसल्या. आता त्यांना शर्ट-पटका लागत नव्हता, चिमणीनं त्यांना मान्य केलं होतं. चार-पाच ग्लास भरले. मग कास अजून तटतटलेली असतानाच त्या उठल्या, पदराला हात पुसले आणि दावं सोडायला लागल्या.

“अगं, अर्धी धार ऱ्हायली की!” आकाराम ओरडला.

“निघाली तेवढी बास.”

“बास काय? आत दूध ऱ्हायलं तर कास दगडंल! नासंल सगळं! म्हस हातची जाईल!”

“आत ऱ्हायल्यालं कुणाला दिसतंय?” वहिनी शांतपणे म्हणाल्या. “म्हस बघा की कशी झ्याक हाय. दुखत न्हाय, खुपत न्हाय, रवंथ करतीया. उगंच कशाला शेवटपत्तोर काढायची?”

आकारामनं त्यांच्या हातातलं दावं काढून घेतलं. मग खाली बसला आणि शेवटचा धागा संपेपर्यंत कास मोकळी केली. धार संपली तरी तो चिमणीच्या पोटाला डोकं टेकून बसून राहिला.

“पिशवी भरलीस काय?” त्यानं तसंच बसून विचारलं.

“सकाळीच भरलीया.”

ऑपरेशन पुष्कळ वेळ चाललं. मी आणि वहिनी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. मी बोलत होतो, कारण गप्प बसलो असतो तर रडलो असतो. वहिनींच्या मांडीवर आकारामचा पटका होता आणि त्याची त्या घडी घालत होत्या, मोडत होत्या, परत घालत होत्या. आकाराम जगावा एवढंच त्या बाईला हवं होतं, आणि मलाही. आवाज बिवाज सगळं त्याच्या पुढचं. शेवटी सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, सगळं निघालं. वहिनींनी पटका डोळ्यांना लावला.

शुद्धीवर आल्यावर आकाराम पहिल्यांदा बोलला तेव्हा आवाज आलाच नाही, नुसती हवा आली. त्यानं आमच्याकडं असं बघितलं की मी खिडकीतून बाहेर बघायला लागलो. फुंकून नव्हे तर श्वास ओढून गोळे वर चढवायचं एक प्लास्टिकचं यंत्र त्याला दिलं होतं, उरलेलं फुप्फुस फुलावं म्हणून. एक गोळा, दोन गोळे, तिसरा काही हलेना. शेजारच्या खाटेवर इचलकरंजीचा एक माणूस होता, त्याचा तिसरा हलला. झालं! कोल्हापूरच्या माणसाला एवढं पुरे. घरी सोडायच्या आत आकारामचा तिसरा गोळा छताला चिकटून उभा राहायला लागला आणि आवाजही हळूहळू परत आला, फाटका, पण ओळखता येईल असा.

काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट घेऊन राजनंदिनी डॉक्टर आल्या. म्हणाल्या, “कडा स्वच्छ आहेत. औषध-शेकानं बहुतेक सगळी गाठ मेली होती. पण आत थोड्या जिवंत पेशी राहिल्या होत्या, आबा. थोड्याच. पण होत्या.”

आकारामनं वहिनींकडं बघितलं. “म्हंजे दगडी झाली असती,” तो म्हणाला.

“व्हय,” वहिनी म्हणाल्या.

पाडवा आला. केरबानं चिमणीला रंगवलं. तिच्यावर काहीही काढ, पण फुल्या काढायच्या नाहीत, अशी त्याला वहिनींची ताकीद होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, घरांच्या पायऱ्यांवर बायका, हलगी कडकडत होती. आकाराम नेहमीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. नवा पांढरा शर्ट, वरची बटणं उघडी. मिशी उगवली होती, दात घासायच्या ब्रशाएवढी. त्यानं एक हात कुशीवरच्या टाक्यांवर ठेवला, दम भरला आणि ऑपरेशननंतरची पहिली हाळी दिली.

हाळी आली! फाटकी, बारीक, पण आली. खालून सुरू झाली, वर चढली आणि कुठंही न अडखळता शेवटपर्यंत गेली. मी तर टाळ्याच वाजवणार होतो. दुसऱ्या टोकाला चिमणीनं कान टवकारले. मान इकडं केली, तिकडं केली. आणि उभी राहिली.

त्यानं परत हाळी दिली. चिमणी त्याच्याच दिशेला बघत होती, कशाची तरी वाट बघत असल्यासारखी, पण पाय उचलत नव्हती. तिसऱ्या हाळीला त्याचा दम अर्ध्यावरच संपला. हलगी थांबली. एकानं मदत म्हणून मोटारसायकल सुरू केली, तर आकारामनं हात वर करून त्याला थांबवलं. मग तो हात त्याला खाली घ्यायचं सुचेना. भर रस्त्यात हात वर करून उभा राहिलेला तो माणूस मला बघवेना.

आणि हाळी आली. खालून सुरू झाली, वर चढली, ऐन चढावर खळ्ळ करून ठसका लागला, ठसका गिळला आणि उरलेली हाळी घुमत पुरी झाली. अगदी जुनी हाळी, जिनं मला इतकी वर्षं उठवलं ती. मी आकारामकडं बघितलं. त्याचं तोंड मिटलेलं होतं.

चिमणी उधळली. घुंगरं वाजवत, रस्ता दणाणून टाकत ती आली आणि आकारामच्या शेजारून, त्याचा शर्ट फडफडवत, सरळ पुढं निघून गेली. पायऱ्यांवरच्या बायका किंचाळत पांगल्या. एकट्या अंबूवहिनी उभ्या होत्या. त्यांच्या खांद्याला नाक लावून चिमणी थांबली.

लोकांनी शिट्ट्या मारल्या, हलगी परत सुरू झाली. आकाराम हळूहळू चालत आला. मी मागोमाग गेलो, भांडण झालंच तर सोडवायला.

“माझा ठसका तुझ्याकडं कसा?” तो म्हणाला.

वहिनींच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि त्या हसतही होत्या. “पयला फोटो बघितला त्या दिसापास्नं शिकत हुते. नदीवर जाऊन. तुमी ऱ्हायला न्हाईत तर हिला कोण बोलावणार? म्हणून शिकले.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “ठसक्यासकट शिकले. त्यो ठसका बरा हुईल हे कुणाला ठावं हुतं?”

आकारामच्या तोंडाकडं बघून मला कळलं की इतके महिने आपल्या मरणाचा विचार आपण एकटेच करतोय असं त्याला वाटत होतं. तो जवळ सरकला. तेवढ्यात चिमणीनं मान वळवली, त्याला हुंगलं, दोनदा हुंगलं, आणि उघड्या छातीवर, त्या हिरव्या ठिपक्यांवरून, खरखरीत जीभ फिरवायला लागली.

“अगं ए, सोड!” सवयीनं वहिनी तिचं दावं ओढायला धावल्या.

“चाटू दे,” आकाराम त्या फाटक्या आवाजात म्हणाला. “हे आता पुसत न्हाय.”